'आपण मराठी' म्हणणाऱ्या वक्त्याला भंडाऱ्यातून एक प्रश्न

महाराष्ट्राला गोष्टी सांगून त्याची ओळख पटवून देणारा पत्रकार-वक्ता हा आपल्याकडचा जुना आणि मानाचा माणूस आहे. वर्तमानपत्रात त्याने नाव कमावलेले असते, आवाज चांगला असतो, पाठांतर त्याहून चांगले असते. व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय ठरलेला: 'महाराष्ट्र म्हणजे काय?', 'मराठी माणसाचा शोध' किंवा तसेच काहीतरी. मग दीड तास गोष्टी. एक गडाची, एक वारीची, एक शाहिराची, एक मुंबईच्या लढ्याची आणि शेवटी परदेशात भेटलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची. माणसे हसतात, डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात आणि 'आपण' नावाची एक उबदार गोधडी पांघरून घरी जातात.

गोष्टीला आमचा आक्षेप नाही. आमच्या आज्यांनी आम्हाला गोष्टींवरच वाढवले. आमचा प्रश्न त्या गोधडीबद्दल आहे. ती किती जणांच्या अंगावर पोचते? "आपण मराठी माणसं" म्हणताना वक्ता ज्या 'आपण'मध्ये आम्हाला न विचारता धरतो, त्यात आमच्या गोष्टीला जागा आहे का? की आम्ही फक्त खुर्च्या भरण्यापुरते मराठी?

हे लिहायला निमित्त झाले गेल्या हिवाळ्यात तुमसर तालुक्यात ऐकलेल्या एका व्याख्यानाचे. वक्त्याचे आणि आयोजकांचे नाव घेत नाही. असे वक्ते पुष्कळ आहेत, एकाला धरून उपयोग नाही. बोलणे रंगले होते. मध्येच त्यांनी आमच्या भागातल्या बोलण्याची नक्कल केली. झाडीपट्टीत 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'डोळा'चा 'डोरा', यावर सभागृह हसले. ज्यांच्या तोंडी ती बोली आहे तेही हसले, हे जास्त लागले. शेवटी आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोरीने हात वर केला आणि विचारले, "सर, तुम्ही दीड तास महाराष्ट्र सांगितला. तुम्ही ज्या रस्त्याने आलात त्याच रस्त्यावर मोहाडी लागते. त्या तालुक्यातली खैरलांजी तुमच्या महाराष्ट्रात येते का?" वक्ते म्हणाले, आजच्या आनंदाच्या कार्यक्रमात असे विषय नकोत. सूत्रसंचालकाने लगेच आभार मानले.

नाकाडोंगरी ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. थोडे पुढे गेले की मध्य प्रदेश. वर वनखात्याचे जंगल, खाली मँगनीज. शेजारी डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॉयलच्या खाणी. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलात जाते, म्हणजे देशाच्या कितीतरी अंधाऱ्या रस्त्यांवर आमच्या इथली माती उजेड पाडते. पण ते असो. इथल्या आठवडी बाजारात उभे राहिले की झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकाच वेळी कानावर पडतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. आमच्या आजोबांची पिढी मोठी झाली तेव्हा 'महाराष्ट्र' हे त्यांच्या राज्याचे नाव नव्हते. मराठी माणूस कोण, याचे उत्तर इथे एका वाक्यात देता येत नाही. ज्याला ते देता येते त्याने इथला बाजार पाहिलेला नाही.

आता मुळाशी जाऊ. या पत्रकार-वक्त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे आचार्य प्रल्हाद केशव अत्रे. आजचे वक्ते कितीही मोठे असले तरी अत्र्यांच्या तुलनेत किरकोळ. १९४० साली 'नवयुग' साप्ताहिक, १५ नोव्हेंबर १९५६ ला दैनिक 'मराठा', आणि रोज संध्याकाळी कुठल्यातरी मैदानावर सभा. सकाळी अग्रलेखात लिहायचे ते रात्री लाखाच्या सभेत गोष्ट करून सांगायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या माणसाने 'मराठी माणूस' नावाचे पात्र उभे केले: गरीब, कष्टाळू, विनोदी, स्वाभिमानी, दिल्लीने आणि भांडवलदाराने नाडलेला. गिरणी कामगाराला, कारकुनाला, पुण्याच्या मास्तरला, सगळ्यांना त्या पात्रात आपला चेहरा दिसला. राज्याला 'मुंबई' न म्हणता 'महाराष्ट्र'च म्हणायचे, यासाठीही अत्रे हट्टाने भांडले. १ मे १९६० ला राज्य झाले. गोष्टीत राज्य मिळवण्याइतकी ताकद असते, हे अत्र्यांनी दाखवून दिले.

आणि अत्रे आमचे शत्रू नव्हते. हे आमच्यातल्या काही तरुणांनाही सांगावे लागते. 'नवयुग'ने १९४७ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांवर विशेषांक काढला, तेव्हा सवर्णांच्या पत्रांत बाबासाहेबांना शिव्या घालण्याची चढाओढ होती. अत्र्यांनी 'महात्मा फुले' चित्रपट काढला आणि त्याचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते केला. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर जे बोलले त्यांत अत्रे होते, आणि नंतर 'मराठा'त त्यांनी लागोपाठ अग्रलेख लिहिले. हे आम्ही विसरत नाही.

मग अडचण काय? अडचण त्या पात्रात आहे. अत्र्यांच्या 'मराठी माणसा'ला जात नव्हती. मैदानावर ते शोभते. पण ज्या गिरणगावातून ती मैदाने भरत, तिथल्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कांडीवरचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि महाराच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला विटाळाचा वाटे. जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. म्हणजे एकाच भोंग्यावर कामाला जाणारे, एकाच भाषेत बोलणारे दोन मराठी माणसे, आणि त्यांच्यामध्ये एक सूत. अत्र्यांची गोष्ट त्या सुतापाशी थांबत नव्हती, वरून उडी मारून पुढे जात होती. लढा जिंकायचा तर तशी उडी मारावी लागते, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. लढा जिंकून सहा दशके झाली, उडी मात्र अजून तशीच चालू आहे.

बाबासाहेब त्या सुतापाशी थांबले होते. १९४८ मध्ये भाषावार प्रांत आयोगापुढे त्यांनी मुंबईसह एका महाराष्ट्राची बाजू मांडली होती. मुंबई महाराष्ट्राची कशी, याचा त्यांनी केलेला युक्तिवाद आजही वाचावा असा आहे. सात वर्षांनी, १९५५ च्या डिसेंबरात, भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी वेगळे सुचवले: एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे असे नाही. मराठी मुलखाचे चार भाग करावेत: मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि आमचा विदर्भ. कारण त्यांनी लपवले नाही. भाषेच्या मोठ्या राज्यात ज्या जातीची संख्या मोठी, जमीन मोठी, तिच्या हातात सत्ता जाते आणि गावात पाच-दहा घरे असलेल्या जाती तिच्या दयेवर राहतात. एम. एन. श्रीनिवास यांनी 'वर्चस्वशाली जात' ही संकल्पना त्याच काळात मांडली. ती समाजशास्त्राच्या वर्गात शिकवतात. बाबासाहेबांनी त्याच गोष्टीवरून राज्याच्या सीमा कशा आखाव्यात हे सांगितले, ते मात्र वर्गात शिकवत नाहीत.

त्यांचा तो सल्ला आजच्या विदर्भाला लागू आहे की नाही यावर आमच्यातच मतभेद आहेत. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते, दादासाहेब गायकवाड लढ्यात होते, आमची माणसे रस्त्यावर होती. तेव्हा वेगळ्या विदर्भाचा वाद इथे उकरत नाही. मुद्दा एवढाच: 'मराठी' या शब्दाच्या पोटात कोण कोणाच्या डोक्यावर बसेल, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९५५ लाच विचारून ठेवला होता. मराठी अस्मितेच्या किती व्याख्यानांत तो ऐकला?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले, तेही नावाच्याच निमित्ताने. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांत काय झाले ते ज्यांनी सोसले ते सांगतील: घरे जाळली, पिके कापली, विहिरींवर बंदी घातली. पोचीराम कांबळे मारले गेले. पुढच्या वर्षी जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च नागपूरहून, दीक्षाभूमीवरून निघाला, त्यात आमच्या विदर्भातल्या पोरांनी पाय फोडून घेतले. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, नामांतर नव्हे तर नामविस्तार मिळाला. आणि विरोधाची भाषा कोणती होती? जातीची? छे. 'मराठवाड्याच्या अस्मितेची'. दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव हैदराबाद मुक्तिसंग्रामातले लढवय्ये. मराठवाड्याला त्याची गोष्ट सांगणारा एवढा मोठा पत्रकार दुसरा नाही, त्यांच्या लेखणीबद्दल आम्हालाही आदर आहे. पण नामांतराच्या विरोधात ते उभे राहिले. निजामाविरुद्ध लढताना जो 'आपण' उभा केला होता, त्यात गावकुसाबाहेरचा माणूस बसतो की नाही याची परीक्षा १९७८ ला आली, आणि त्या गोष्टीचा शब्द 'अस्मिता' हाच पेट्रोलसारखा वापरला गेला. भालेरावांनी घरे जाळायला सांगितले असे कोणी म्हणत नाही, आम्हीही नाही. पण मोठ्या माणसाच्या गोष्टीत ज्याला जागा नसते, त्याचे घर जाळणाऱ्याला ती गोष्ट थांबवत नाही.

एकदा दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहा. एका नावासाठी भांडणे म्हणजे अस्मिता. दुसऱ्या नावासाठी भांडणे म्हणजे जातीयवाद. ही वाटणी ज्याने केली त्याला आम्ही 'आपण' कसे म्हणू?

आता त्या पोरीच्या प्रश्नाकडे. २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुले रोशन आणि सुधीर. चौघांना मारले, प्रेते कालव्यात टाकली. भय्यालाल भोतमांगे वाचले आणि न्याय मागत मागत २०१७ च्या जानेवारीत गेले. हे सर्वांना माहीत आहे, निदान असायला हवे. आम्ही इथे बोलतो आहोत ते गोष्ट कशी सांगितली गेली याबद्दल. पहिले कित्येक दिवस ही बातमीच नव्हती. झाली तेव्हा 'अनैतिक संबंधातून हत्याकांड' अशी झाली. ज्या बाईने एका मारहाणीच्या गुन्ह्यात साक्ष दिली, स्वतःची जमीन धरून ठेवली, पोरीला बारावीपर्यंत शिकवले, तिची गोष्ट दोन शब्दांत संपवली गेली. मोठ्या वर्तमानपत्रांत सविस्तर काही यायला महिना लागला. लोक रस्त्यावर आले तेव्हा तत्कालीन गृहमंत्र्यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली. म्हणजे मेलेली बाई चारित्र्यहीन आणि रडणारे नक्षलवादी.

आणि कोणी असे समजू नये की बातमीची भाषा बातमीपुरती राहते. १५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यानंतर सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद केली आणि सूडाचे कारण कायम ठेवले. खून झाला, जात नव्हती. न्यायालयाने वर्तमानपत्र वाचून निकाल दिला असे आम्ही म्हणत नाही. पंचनाम्यात, शवविच्छेदनात, तपासात काय काय गळाले याची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण पहिल्या दिवसापासून गाव, ठाणे, बातमीदार सगळे जी गोष्ट सांगत होते तिच्यात जात नव्हतीच, आणि शेवटी निकालातही ती उरली नाही. पहिल्या सांगणाऱ्याने जे गाळले ते पुढच्या कागदांत परत येणे फार कठीण असते. भंडारा जिल्ह्यात काम करणारा कुठलाही कार्यकर्ता हे तक्रार लिहून घेताना अनुभवतो. म्हणून आम्ही कोणत्याही गावात गेलो की आधी घडलेले सगळे त्या माणसाच्या शब्दांत लिहून घेतो, मग ठाण्यात जातो.

यावर ठरलेले उत्तर येते: तुम्ही सारखे जखमाच दाखवता, समाजाला जोडणारे काही बोला ना. बरे. जोडण्याची भाषा करणाऱ्या एका श्रीमंत देशाचे उदाहरण घेऊ. कॅनडा १९७१ पासून बहुसंस्कृतिवाद हे सरकारी धोरण म्हणून मिरवतो. 'आम्ही सौजन्याचा, स्थलांतरितांचा, सगळ्यांना सामावून घेणारा देश' ही त्यांची लाडकी गोष्ट, आणि ती रंगवून सांगणारे पत्रकार-वक्ते तिथेही आहेत. पण त्याच देशात मूळनिवासी समाजांची सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत टाकली गेली. भाषा बोलली म्हणून मारले गेले. शेवटची शाळा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होती. गोष्ट बदलली ती वक्त्यांमुळे नाही. त्या शाळांतून वाचलेली माणसे न्यायालयात गेली, बोलली, आणि २००८ ते २०१५ या काळात सत्य आणि समेट आयोगाने देशभर फिरून हजारो साक्षी ऐकल्या. ९४ शिफारशी झाल्या. त्यातल्या किती अमलात आल्या याबद्दल तिथले लोक आजही भांडतात, आणि भांडलेच पाहिजे. पण आज कॅनडात देशाची ओळख सांगायला उभा राहणारा पत्रकार निवासी शाळा वगळून बोलला तर श्रोतेच त्याला विचारतील. आमच्या पोरीने विचारले तेव्हा आभारप्रदर्शन झाले.

जाता जाता: २०२३ च्या मार्चमध्ये टोरांटोच्या शाळा मंडळाने आपल्या शाळांत जातीय छळ होतो हे ठरावाने मान्य केले. परदेशातले मराठी, पंजाबी, तमिळ कुटुंब वक्त्याच्या शेवटच्या हळव्या गोष्टीत मसाला आणि भाषा घेऊन जाते. सामानात आणखी काय गेले ते टोरांटोच्या शिक्षकांनी उघडून पाहिले.

जखमा दाखवण्याचा आक्षेप तसा नवा नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेला जोतीराव फुल्यांना बोलावले. जोतीरावांनी जाण्यास नकार दिला आणि कारण लिहून कळवले: जे लोक माणसाला माणसाचे हक्क उघडपणे देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचे जुळत नाही. वसंत व्याख्यानमालेची सुरुवात १८७५ ची, तीही रानड्यांचीच. म्हणजे 'आपण मराठी' सांगणारी व्यासपीठे आणि त्यांना विचारलेला प्रश्न, दोघांचेही वय जवळजवळ सारखेच आहे.

मग गोष्ट सांगूच नये काय? जरूर सांगावी. बाबासाहेब स्वतः पत्रकार होते, वक्ते होते आणि गोष्ट सांगणारेही होते, फक्त त्यांची सांगण्याची रीत वेगळी होती. ३१ जानेवारी १९२० ला शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने 'मूकनायक' निघाले. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नाही. नंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. या नावांतच पाहा, कोण बोलतो आहे हे आधी सांगून टाकलेले आहे. मूक कोण, बहिष्कृत कोण, हे लपवलेले नाही. परदेशी माणसाला अस्पृश्यता कळावी म्हणून तीसच्या दशकात त्यांनी आठवणी लिहिल्या, त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' म्हणून आपल्याला माहीत आहेत. मसूर स्टेशनवर उतरलेली, चांगले कपडे घातलेली पोरे, बैलगाडीवाल्याचा विटाळ, रात्रभर न मिळालेले पाणी. बडोद्यातली पारशी सराई. चाळीसगावचा टांगा. दौलताबादच्या किल्ल्यावरचा हौद. प्रत्येक ठिकाणी जागा, रस्ता, माणूस, नकार. तिथे 'आपण' नाही. तिथे पाणी आहे, ते कोणाच्या हातात आहे आणि कोणाला मिळत नाही हे आहे. ऐकणाऱ्याला गोधडी मिळत नाही, ठसका लागतो.

आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगितले ते याच 'आपण'बद्दल होते: हजारो जातींत तुटलेले लोक स्वतःला राष्ट्र समजतात हा मोठा भ्रम आहे, आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितके लवकर कळेल तितके बरे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ च्या पुस्तकात दाखवले की वर्तमानपत्र वाचता वाचता अनोळखी माणसे स्वतःला एक राष्ट्र समजू लागतात. बरोबरच आहे. पण अँडरसन यांच्या वाचकांत असा कोणी नव्हता ज्याची जाहिरातसुद्धा त्या वर्तमानपत्राने परत पाठवली.

आमच्या विदर्भात तर बाबासाहेबांच्याही आधीचा माणूस आहे. किसन फागोजी बनसोडे, जन्म १८७९, मोहपा, नागपूर जिल्हा. १९०७ मध्ये नागपुरात मुलींची शाळा. १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक', १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका', पुढे 'चोखामेळा'. संपादक, कवी, कीर्तनकार आणि सभेतला वक्ता. पत्र बंद पडले की दुसरे काढायचे. आपण कोण, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर पत्रांच्या नावांतून बदलत गेलेले दिसते: आधी निराश्रित नागरिक, मग विटाळाचा विध्वंस करणारा, मग मजूर, मग चोखोबाचा वारस. त्यांच्या सगळ्या उत्तरांशी बाबासाहेबांची चळवळ सहमत झाली नाही, आम्हीही नाही. पण ओळखीचा शोध म्हणतात तो हा. चुकत, बदलत, पदरचे पैसे घालून. आमच्या भागात अस्मितेवर बोलायला येणाऱ्या एका तरी पत्रकाराच्या तोंडी बनसोड्यांचे नाव आम्ही ऐकलेले नाही, आणि हे सगळे पत्रकार आहेत, आपल्याच धंद्याचा इतिहास त्यांना माहीत नसतो.

इथे आमच्याकडच्या वक्त्यांनाही सोडू नये. जयंतीच्या स्टेजवर येणारे काही नामांकित बोलके असेच झाले आहेत. मानधन आधी, गाडी आधी, आणि भाषणात चवदार तळे, दीक्षाभूमी, चार टाळ्यांची वाक्ये. डोंगरी बुजुर्गच्या ठेकेदारी मजुरांबद्दल अक्षर नाही, जंगलाच्या पट्ट्यांसाठी अर्ज करून बसलेल्या गोंड कुटुंबांबद्दल अक्षर नाही. तथागताने लोकांना त्यांच्या बोलीत सांगा म्हणून भिक्खूंना शिकवले. आमचे वक्ते मात्र झाडीतल्या म्हाताऱ्यांसमोर पुण्याचे मराठी बोलतात आणि 'पानी' ऐकले की दुरुस्त करतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य घातले, निदान त्यांची पुस्तके तरी वाचा. दंडार आणि झाडीपट्टीचे नाटक रात्रभर पाहायला या भागातली हजारो माणसे थंडीत बसतात. त्यांना गोष्ट कशी सांगायची हे शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही.

म्हणून आम्ही यंदा ठरवले आहे की पाहुण्या वक्त्याच्या मानधनाचे पैसे दुसऱ्या कामाला लावायचे. आमच्याच जिल्ह्याची एक गोष्ट अर्धवट पडून आहे. १९५४ च्या मे महिन्यात बाबासाहेब भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढले. दोन जागांचा मतदारसंघ, प्रत्येकाला दोन मते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर उभे. सर्वसाधारण जागेवरचे दुसरे मत कोणालाच न देता कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांना फायदा होईल, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. जुनी माणसे सांगतात की बाबासाहेबांनी साफ नकार दिला, ज्याने घटना लिहिली तो मत कुजवायला सांगणार नाही म्हणाले. निकाल लागला तेव्हा सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब पडले. देशाची घटना लिहिणाऱ्याला या जिल्ह्याने हरवले, आणि हरताना त्यांनी काय करायचे नाकारले, हे दोन्ही आमच्याच गावांत घडले आहे. ही गोष्ट कुठल्याही अस्मितेच्या व्याख्यानात नाही. नाकाडोंगरी, गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग या बाजूच्या गावांत त्या निवडणुकीत कोण पायी फिरले, कोणाच्या ओसरीवर बैठक झाली, कोणी मत द्यायला अडवले, हे कुठे लिहिलेले नाही.

तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. ज्यांनी ते मत दिले ती माणसे आज नव्वदी ओलांडून गेली आहेत, बहुतेक उरलेली नाहीत. ज्यांच्या घरी असे आजी-आजोबा आहेत, त्यांनी येत्या पौर्णिमेच्या आत विहारात निरोप द्यावा. आम्ही दोघे-तिघे येऊ. मोबाईलवर रेकॉर्ड करू, ती जशी बोलतील तसेच उतरवू. 'पानी' म्हणतील तर 'पानी'च लिहू.

जय भीम.